आरक्षण होते, तिकीट नव्हते

गेल्या मे महिन्यात एका पहाटे, तीन वाजण्याच्या सुमारास, मुंबई विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरील तरुणीने आमच्या चौघांची आधार कार्डे हातात घेतली, तीन बोर्डिंग पास छापून काढले आणि चौथ्या कार्डापाशी ती थांबली. तिने दोन-तीनदा काहीतरी टाईप करून पाहिले, शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून पडदा दाखवला आणि मग आईकडे पाहत म्हणाली, "आजींचं नाव दिसतंय, पण तिकीट दिसत नाहीये."

माझी आई ७४ वर्षांची आहे. रात्री दहाला नाशिकच्या इंदिरानगरहून निघून, कसारा घाट उतरून आम्ही विमानतळावर पोहोचलो होतो आणि तोवर तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता, कारण ती तिच्या धाकट्या नातीच्या बारशाला निघाली होती. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. सध्या त्याची नेमणूक सिलिगुडीजवळ आहे. बागडोगरा विमानतळ तेथून जवळ पडतो, म्हणून मुंबई–दिल्ली–बागडोगरा असे तिकीट काढले होते. आईच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात जुन्या मऊ लुगड्यांची, स्वतः टाके घालून शिवलेली गोधडी होती. ती सामानात द्यायला तिने ठाम नकार दिला होता. काउंटरवरचे बोलणे तिला नीट कळले नाही, परंतु आपल्यामुळे काहीतरी अडले आहे एवढे कळले, आणि ती पिशवी आणखी घट्ट धरून म्हणाली, "अरे, मी राहते मागे, तुम्ही जा." ते वाक्य ऐकून मला जो संताप आला, त्यातूनच पुढचे दोन महिने मी नियम वाचत आणि पत्रे लिहीत काढले. त्यातून जे समजले ते नाशिकच्या आणि एकूणच आपल्याकडच्या प्रवाशांच्या उपयोगी पडावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गडबडीची सुरुवात प्रवासाच्या अकरा दिवस आधी झाली. आमचे मुंबईहून सकाळी सहाला सुटणारे विमान कंपनीने "ऑपरेशनल कारणास्तव" रद्द केले आणि आम्हाला पावणेनऊच्या विमानात टाकले. ते विमान दिल्लीला पोहोचते तेव्हा बागडोगऱ्याचे विमान सुटायला दहा मिनिटे उरत होती. म्हणजे कागदावर आमचा प्रवास अबाधित होता, प्रत्यक्षात तो अशक्य झाला होता. संगणक वेळा जुळवतो तेव्हा असे होऊ शकते, हे मी समजू शकतो. परंतु हा निरोप आला तो आमच्या ट्रॅव्हल एजंटच्या मोबाईलवर, कारण आरक्षण करताना चौघांसाठीही त्यांचाच क्रमांक आणि त्यांचाच ई-मेल घातला गेला होता. त्यांनी आम्हाला दोन दिवसांनी कळवले, आमच्या सांगण्यावरून ग्राहक सेवेला फोन केला, पहाटे सव्वापाचचे विमान मागितले आणि संध्याकाळी मला सांगितले, "झालं काम, चौघांचंही कन्फर्म आहे." माझ्या मोबाईलवर नवा पीएनआर आला. तो मी कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, विमानाची नवी वेळ दिसली, आणि मी निर्धास्त झालो. नावे मोजून पाहिली असती तर तिथे तीनच दिसली असती. ती मोजली नाहीत.

पीएनआर आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हते. पीएनआर ही आसनांच्या आरक्षणाची नोंद असते. एका पीएनआरमध्ये चार माणसे असू शकतात. ई-तिकीट ही पैसे भरल्याची आणि प्रवासाच्या अधिकाराची नोंद असते. ती प्रत्येक माणसाची स्वतंत्र असते, तिला १३ अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनीचे असतात. काही स्वस्त दरांच्या कंपन्या केवळ पीएनआरवर काम चालवतात, परंतु पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांत या दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. विमान बदलले की आरक्षण आधी बदलते. तिकीट त्या नव्या विमानाशी जोडण्याचे किंवा नव्याने काढण्याचे काम त्यानंतर वेगळे करावे लागते. ते राहून गेले, तर आरक्षण "कन्फर्म" दिसत राहते आणि काउंटरवर मात्र बोर्डिंग पास निघत नाही.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. तिच्या नावापुढे व्हीलचेअरची नोंद होती. ड्युटीवरच्या पर्यवेक्षकांनी नोंदी उलगडून जे सांगितले ते असे, की फोनवर बदल करताना तिचे नाव मूळ पीएनआरमधून वेगळे काढून दुसऱ्या पीएनआरमध्ये टाकले गेले, त्या दुसऱ्या पीएनआरचे तिकीट कोणी पुन्हा काढले नाही, आणि मुदतीत तिकीट न निघाल्याने तिचे आसन आपोआप सुटून दुसऱ्याला गेले. व्हीलचेअरची नोंदही या अदलाबदलीत पुसली गेली होती. व्हीलचेअर, जेवण, आधी निवडलेले आसन, जास्तीच्या सामानाचे भरलेले पैसे, या सगळ्या गोष्टी नव्या विमानाबरोबर आपोआप येतील असे गृहीत धरू नये. प्रत्येकीची पुन्हा खात्री करून घ्यावी.

विमान भरलेले होते. दिवसभरात दिल्लीला जाणारी विमाने अनेक होती, परंतु मे महिना म्हणजे दार्जिलिंग-सिक्कीमच्या पर्यटनाचा हंगाम, त्यामुळे दिल्लीहून पुढे जागा नव्हती. आईला दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या विमानाचे तिकीट देण्यात आले. पत्नी आणि मुलगा पुढे गेले, मी आईबरोबर थांबलो. त्या वेळी माझ्या हातून दोन गोष्टी नीट झाल्या आणि त्यांचाच पुढे उपयोग झाला. आईला विमानात का बसू दिले नाही याचे कारण मी पर्यवेक्षकांना ई-मेलने कळवायला लावले, आणि काउंटरसमोर उभे राहून घड्याळाची वेळ दिसेल असा तीन बोर्डिंग पासांचा आणि जुन्या तिकिटाच्या छापील प्रतीचा फोटो काढला. आम्ही वेळेत हजर होतो, याचा तो पुरावा ठरला. हॉटेलचा खर्च कंपनीने करावा ही मागणी त्या वेळी मान्य झाली नाही, म्हणून अंधेरीतल्या हॉटेलचे आणि टॅक्सीचे बिल जपून ठेवले.

त्या संध्याकाळी सव्वासातला आईने नातीचे बारसे हॉटेलच्या पलंगावर बसून मोबाईलवर पाहिले. माझ्या बहिणीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात नाव सांगितले तेव्हा तिकडे नेटवर्क गेले आणि नाव आम्हाला ऐकू आले नाही. ते पाच मिनिटांनी मेसेजने कळले.

आता नियमांबद्दल. भारतात या विषयावरचा मुख्य दस्तऐवज म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नागरी विमान वाहतूक नियमावली. तिच्या तिसऱ्या विभागातल्या 'एम' मालिकेच्या चौथ्या भागात विमानात प्रवेश नाकारणे, विमान रद्द होणे आणि विलंब या तिन्हींविषयी तरतुदी आहेत. हा भाग २०१० मध्ये आला आणि नंतर त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढवण्यात आल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने यांतले मुख्य मुद्दे प्रवाशांची सनद म्हणून सोप्या भाषेत प्रसिद्ध केले. आपल्यापैकी बहुतेकांनी ही सनद पाहिलेली नसते. मीही पाहिली नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो एक छोटासा शब्दप्रयोग. विमान रद्द झाल्यास कंपनीने दुसरे विमान द्यावे किंवा पैसे परत करावेत, आणि हे "प्रवाशाला मान्य होईल त्याप्रमाणे" करावे, असे नियम सांगतो. कंपनीने ज्या विमानात टाकले त्यात निमूटपणे बसलेच पाहिजे, असे कोठेही म्हटलेले नाही. निवड प्रवाशाची आहे. आपण मात्र फोनवर पलीकडून सांगितलेल्या पहिल्या पर्यायाला घाईने होकार देतो, आणि एकदा होकार दिला की तो बदल आपल्या संमतीने झाला अशी नोंद होते. पावणेनऊचे विमान आम्हाला चालणार नाही हे आम्ही कळवले ते योग्यच होते. चूक एवढीच झाली की मान्य असलेला पर्याय आम्ही लेखी मागितला नाही आणि तो चारही नावांसाठी अमलात आला की नाही, हे तपासले नाही.

पैसे परत घेण्याचा पर्याय निवडला, तर ते कोणत्या रूपात घ्यायचे हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. पुढच्या प्रवासासाठी रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची, ज्याला क्रेडिट शेल म्हणतात, ती पद्धत प्रवाशाच्या इच्छेवर अवलंबून आहे. कंपनीने ती परस्पर लादायची नाही. करोनाच्या टाळेबंदीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने टाळेबंदीतच त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करण्याचा आदेश दिला. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द झाल्यापासून सात दिवसांत परतावा करावा लागतो. तिकीट एजंटकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, कारण एजंट हा नियमाच्या दृष्टीने तिचाच प्रतिनिधी आहे. "तुमच्या एजंटला विचारा" या उत्तरावर समाधान मानू नये.

भरपाई हा वेगळा विषय आहे, आणि त्याबाबत बराच गैरसमज आहे. विमान रद्द झाले म्हणजे भरपाई मिळालीच, असे नाही. नियमाप्रमाणे वेळेत कळवले गेले नसेल, किंवा त्याच कंपनीच्या एकाच तिकीट क्रमांकावरचे पुढचे विमान चुकले असेल, तर कंपनीने प्रवाशाला मान्य असे दुसरे विमान द्यावे, अथवा पूर्ण परताव्याबरोबर भरपाई द्यावी. दुसरे विमान स्वीकारले तर ही भरपाई मिळत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तिची रक्कम उड्डाणाच्या कालावधीवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. वादळ, पूर, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना यातून सूट आहे. "ऑपरेशनल कारण" या मोघम शब्दांत नेमके काय बसते, हे विचारण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे आणि ते लेखी विचारावे.

याच नियमात एक अट आहे, जी आम्हाला जवळजवळ भोवली. आरक्षणाच्या वेळी प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर आर्थिक भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर राहत नाही. एजंटच्या सोयीसाठी त्याचा क्रमांक घालू देणे किती महागात पडू शकते, ते यावरून कळते. नाशिकमध्ये तिकीट ओळखीच्या माणसाकडून काढण्याची पद्धत अजून आहे आणि तिच्यात गैर काही नाही. आमचे एजंट सज्जन आहेत, त्यांनी त्या पहाटे चार वाजता फोन उचलून तासभर धडपड केली. तरीही प्रवाशाचा क्रमांक प्रवाशाचाच असावा.

आईच्या प्रकरणात मात्र विमान रद्द झाले नव्हते. सव्वापाचचे विमान तिच्याविना वेळेवर सुटले. तिचे आरक्षण कंपनीनेच निश्चित केले होते, ती वेळेत हजर होती आणि तरी तिला बसू दिले गेले नाही. म्हणून मी ही बाब प्रवेश नाकारल्याची आहे, असे लिहिले. तिथे भरपाईचे गणित अधिक कडक आहे. मूळ विमानाच्या वेळेनंतर तासाभरात दुसऱ्या विमानात बसवले तर काही द्यावे लागत नाही. २४ तासांच्या आत सुटणारे विमान दिले तर मूळ भाडे अधिक इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतरचे दिले तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

कंपनीचे पहिले उत्तर आले त्यात दिलगिरी होती आणि पुढच्या प्रवासासाठी २,००० रुपयांचे व्हाउचर होते. दुसऱ्या उत्तरात तिकिटाची चूक एजंटची असल्याचे म्हटले होते. त्यावर मी पर्यवेक्षकांचा ई-मेल जोडला, ज्यात बदल कंपनीच्या ग्राहक सेवेने केल्याचे स्पष्ट होते. तिसऱ्या उत्तरात त्यांनी प्रवेश नाकारल्याचे मान्य केले, परंतु "दुसऱ्या दिवशीचे विमान" म्हणजे २४ तासांच्या आतले, असे धरून १०,००० रुपये देऊ केले. आईचे मूळ विमान सव्वापाचचे होते आणि दुसऱ्या दिवशीचे सहा वाजून दहा मिनिटांचे. म्हणजे २४ तास ५५ मिनिटे. तिच्या तिकिटाचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून ५,४०० रुपये होते, त्याचे ४०० टक्के २१,६०० होतात, म्हणून कमाल मर्यादेप्रमाणे २०,००० रुपये देय आहेत, हे मी एका ओळीच्या गणितासह कळवले. ही ५५ मिनिटे मी शोधून काढली नसती तर कोणी आपणहून दाखवली नसती, याची मला खात्री आहे.

हा पत्रव्यवहार कोणाशी करायचा, याचीही उतरंड आहे. ग्राहक सेवेनंतर कंपनीचा नोडल अधिकारी, त्याच्यावर अपिलीय अधिकारी. दोघांची माहिती कंपनीने संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. तिथे काम झाले नाही तर मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. मी नोडल अधिकाऱ्यापासून सुरुवात करून एअरसेवापर्यंत गेलो, आणि शेवटच्या पत्रात एक वाक्य घातले: पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्यात येईल.

त्या वाक्याला वजन का आहे, ते आपल्यासारख्या मुंबई-पुण्याबाहेरच्या लोकांनी समजून घेतले पाहिजे. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जिथे तक्रारीचे कारण घडले, तिथे जावे लागे. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. विमान मुंबईहून सुटो, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तक्रार नाशिकमध्ये चालू शकते. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. नाशिकच्या ओझर विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांची संख्या मर्यादित असल्याने आपल्याकडे अनेक जण ओझर–दिल्ली किंवा ओझर–बंगळुरू एका तिकिटावर आणि पुढचा प्रवास दुसऱ्या तिकिटावर काढतात, कारण ते स्वस्त पडते. पहिले विमान रखडले आणि पुढचे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. संरक्षण आहे ते एकाच तिकीट क्रमांकावरच्या जोडप्रवासाला. तसेच ओझरचे विमान रद्द करून मुंबई किंवा शिर्डीहून जागा देऊ केली, तर ती स्वीकारायलाच हवी असे नाही. स्वीकारणार असाल, तर तिथवरच्या टॅक्सीचा खर्च कोण देणार, हे होकार देण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे, कारण भरपाईच्या कोष्टकात रस्त्याच्या खर्चाला जागा नाही.

आईच्या खात्यात २०,००० रुपये जमा झाले ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. हॉटेल आणि टॅक्सीचे बिल त्यानंतर आठ दिवसांनी मंजूर झाले. मी माझे स्वतःचे आसन सोडून आईबरोबर थांबलो, त्याबद्दल मला काही मिळाले नाही, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. माझे तिकीट विनाशुल्क दुसऱ्या दिवसावर नेले गेले, तेवढे पुरे होते.

येत्या दिवाळीत आई पुन्हा सिलिगुडीला जाणार आहे. या वेळी तिच्या आरक्षणात माझा आणि तिचा असे दोन क्रमांक आहेत, आणि १३ अंकी तिकीट क्रमांक मी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून तिच्या पर्समधल्या कागदावर लिहून ठेवला आहे. व्हीलचेअरची नोंद बदलाच्या वेळी का पुसली गेली आणि ७४ वर्षांच्या बाईचे नाव तिच्या घरच्यांपासून कोणी, कशासाठी वेगळे काढले, या प्रश्नाला मात्र अजून उत्तर आलेले नाही. त्यासाठीचा दुसरा अर्ज मी गेल्या सोमवारी अपिलीय अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे.